अंगणातला खड्डा : एका गुन्ह्याचा इतिहास

थ्रेड : कुत्रा जमीन का उकरतो, आणि तो दोषी केव्हापासून ठरला?

सकाळी दार उघडावे तर मोगऱ्याची कुंडी आडवी, माती ओसरीभर विखुरलेली, आणि नाकाला चिखल माखलेला कुत्रा शेपूट हलवीत समोर उभा. घरात कुत्रा असलेल्यांना हे दृश्य नवे नाही. पुढचा प्रसंगही ठरलेलाच : आरडाओरडा, पाठीत एक धपाटा, आणि ‘कितीही शिकवा, हा सुधारायचा नाही’ असा निकाल. आज त्या निकालाची फेरतपासणी करू. कारण निदान काही जातींच्या बाबतीत, ज्या कृत्याबद्दल शिक्षा होते ते कृत्य माणसानेच निवडून, जोपासून आणि कौतुक करून त्यांच्या अंगी मुरवलेले आहे.

सुरुवात अर्थातच माणसाच्या आधीपासून होते. कुत्र्याचा पूर्वज लांडगा. लांडग्याची मादी पिलांसाठी बीळ खणते किंवा दुसऱ्याचे तयार बीळ रुंद करून घेते. शिकार उरली की लांडगा तिचा तुकडा पुरून ठेवतो आणि नाकाने माती लोटून वर झाकण घालतो. उन्हाच्या वेळी वरची तापलेली माती बाजूला सारून खालच्या गारव्यात अंग टाकतो. पुरलेले हाडूक, सावलीतला उथळ खळगा आणि बाळंतपणाची गुहा ही उकरण्याची तीन जुनी कारणे कुठल्याही गावठी कुत्र्यात आजही दिसतात. गादीवर झोपण्यापूर्वी चादर खरवडून गोल गोल फिरणारा सदनिकेतला कुत्राही तोच वारसा चालवीत असतो. खाली माती नाही, इतकाच फरक.

परंतु या साध्या सवयीचे व्यवसायात रूपांतर केले ते युरोपातल्या शिकाऱ्यांनी.

सन १५६१. फ्रान्समधल्या प्वातू प्रांतातला जाक द्यु फुयू नावाचा सरदार शिकारीवर एक ग्रंथ प्रसिद्ध करतो : ‘ला व्हेनरी’. हरणांच्या शिकारीसाठी तो ग्रंथ गाजला, अनेक भाषांत गेला. आपल्या कामाचा भाग मात्र त्यातल्या जमिनीखालच्या शिकारीचा आहे. कोल्हा आणि बॅजर यांना बिळातून बाहेर काढण्याची ती शिकार. (बॅजर आपल्याकडे नाही. त्याच्या कुळातला आपल्या ओळखीचा प्राणी म्हणजे चांदी अस्वल. युरोपीय बॅजर दहा-बारा किलोचा, बळकट पंज्यांचा, आणि एकदा चावा घेतला की न सोडणारा. त्याच्या बिळाला अनेक तोंडे असतात आणि आत बोगद्यांचे जाळे.)

द्यु फुयूने या शिकारीचा सरंजाम मोठ्या हौसेने वर्णिला आहे. कुदळी-फावडी घेतलेली माणसे, बिळातला प्राणी पकडायचे चिमटे, मालकासाठी गाडी, गाडीत मद्याच्या सुरया आणि खाण्याचे पदार्थ. वाचताना शिकारीपेक्षा वनभोजनाचाच भास अधिक होतो. या सगळ्या थाटात खरे काम करणारा एकच, तो म्हणजे बिळात सोडलेला आखूड पायांचा कुत्रा. तो आत जाऊन बॅजरला कोंडीत पकडी आणि भुंकत राही. वर माणूस जमिनीला कान लावून पडे, आवाज नेमका कुठून येतो ते ठरवी, आणि मग त्या जागी कुदळ चाले.

कुत्र्यांचे दोन प्रकारही तो सांगतो. वाकड्या पायांचे, आखूड केसांचे. आणि सरळ पायांचे, राठ केसांचे. वाकड्या पायांचे बिळात अधिक आनंदाने शिरतात आणि अधिक वेळ टिकतात, सरळ पायांचे जमिनीच्या वर आणि खाली दोन्हीकडे चालतात, असे त्याचे मत. आपण ज्याला व्यंग म्हणू, ते त्याच्या लेखी कौशल्य होते. तरुण कुत्र्यांना बिळाची गोडी कशी लावावी, आधी अनुभवी कुत्रा आत कसा सोडावा, याच्या सूचनाही आहेत. जिवंत पकडलेल्या प्राण्याला जखमी करून त्याच्यावर पिलांचा सराव घेण्याची रीतही आहे, आणि ती आज वाचवत नाही.

अवघ्या नऊ वर्षांनी, १५७० मध्ये, इंग्लंडमधून दुसरी साक्ष मिळते. केंब्रिजचा वैद्य जॉन कायस (ज्याचे नाव तिथल्या गॉनव्हिल अँड कीज महाविद्यालयात आजही आहे) याने इंग्लंडच्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये एक छोटी पुस्तिका काढली. स्विस निसर्गशास्त्रज्ञ कोनराड गेस्नर याच्यासाठी त्याने ही माहिती जमवली होती. १५७६ मध्ये एब्रहम फ्लेमिंगने ती इंग्रजीत आणली. त्यात ‘टेरारियस’ नावाचा कुत्रा येतो. कोल्हा आणि बॅजर यांच्या मागे जमिनीत शिरणारा, त्यांना घाबरवून, चावून, एक तर आतच फाडणारा किंवा बाहेर हुसकावणारा. लॅटिनमध्ये ‘टेरा’ म्हणजे भूमी. ‘टेरियर’ या शब्दाचा उगम तोच. टेरियर म्हणजे शब्दशः भुईतला कुत्रा.

जर्मनांनी नाव शिकारीवरून दिले. त्यांच्या भाषेत ‘डाक्स’ म्हणजे बॅजर, ‘हुंड’ म्हणजे कुत्रा. तो डाक्सहुंड आपल्याकडे येईपर्यंत ‘डॅशहाउंड’ झाला आणि लांबलचक देहामुळे थट्टेचा विषयही. लोक त्याला सॉसेज म्हणतात. त्याचे शरीर मात्र बिळाच्या मापाने बेतलेले आहे. युरोपातल्या श्वानसंघांच्या नियमांत आजही या जातीचे पोटप्रकार उंचीवर नव्हे, तर छातीच्या घेरावर ठरतात. छाती जितकी रुंद, तितकेच बीळ रुंद हवे, हा त्यामागचा हिशेब.

आता जरा थांबून या कामाला लागणारे गुण पाहू. बिळातल्या कुत्र्याला मालक दिसत नाही, मालकाची हाक ऐकू येत नाही. समोर आपल्याइतकाच किंवा आपल्याहून वजनदार प्राणी दात विचकून उभा. माती ढासळली तर स्वतःच उकरून वाट काढायची. पुढे जायचे की मागे सरायचे, हे स्वतःच ठरवायचे, आणि तासन्‌तास भुंकत राहायचे. अशा कुत्र्यांमध्ये वंश कोणाचा वाढणार? जो आज्ञेची वाट पाहत बसतो त्याचा नव्हे. हट्ट, भुंकणे, पंज्यांची खाज आणि स्वतःच्या मताने चालणे, म्हणजे आजचा मालक ज्यांना ‘वाईट सवयी’ म्हणतो, ते सारे शिकाऱ्याच्या दृष्टीने गुण होते. डोंगर पोखरून उंदीर काढणे ही आपल्याकडे व्यर्थ खटाटोपाची थट्टा आहे. कोठारात आणि शेतात उंदीर मारणाऱ्या टेरियरची मात्र ती रोजची मजुरी होती.

दख्खनचा दाखला इथे बोलका ठरतो. आपल्याकडे मराठवाडा आणि उत्तर कर्नाटकाच्या मोकळ्या माळरानावर वाढली ती कारवानी, पश्मी, मुधोळ ही कुळे : उंच, सडपातळ, नजरेने सावज टिपून वाऱ्यासारखी धावणारी. जिथे ससा उघड्या रानातून पळतो, तिथे पाय लांब असलेल्या कुत्र्याला मोल. जिथे सावज भुयारात दडते, तिथे आखूड पायांच्या. एकाच लांडग्याच्या वंशजांना माणसाने भूगोल पाहून दोन टोकांना नेले.

या घडणीचा जैविक पुरावा फार अलीकडे हाती आला. २००९ मध्ये अमेरिकेतल्या एलेन ऑस्ट्रँडर यांच्या चमूने दाखवले की डॅशहाउंड, बॅसेट, कॉर्गी यांसारख्या आखूड पायांच्या जातींमध्ये ‘एफजीएफ ४’ या जनुकाची एक जास्तीची प्रत आहे, आणि तिच्यामुळे पायांच्या हाडांची वाढ लवकर थांबते. २०१७ मध्ये याच जनुकाची दुसरी एक जास्तीची प्रत सापडली. ती पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या अकाली कठीण होऊन सरकण्याच्या विकाराशी निगडित निघाली. बिळासाठी हवा म्हणून जो देह माणसाने निवडला, त्याची किंमत डॅशहाउंड आपल्या पाठीने मोजत आला आहे. मागचे पाय लुळे पडलेला डॅशहाउंड ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे वाक्य अलंकारिक वाटणार नाही.

मग हे सन्मानाचे काम गुन्हा केव्हा झाले? एकोणिसाव्या शतकात, आणि तेही हळूहळू.

शतकाच्या सुरुवातीला टेरियरचा मान शिगेला होता. मे १८१९ मध्ये ऑक्सफर्डला शिकणाऱ्या जॉन रसेल नावाच्या तरुणाने एका दूधवाल्याजवळची पांढरी, डोळ्या-कानांवर डाग असलेली टेरियर कुत्री पाहिली आणि तिथल्या तिथे विकत घेतली. तिचे नाव ट्रंप. रसेल पुढे डेव्हन परगण्यात पाद्री झाला, शिकारीचा नाद मात्र सुटला नाही. कोल्ह्याला आत ठार न करता बाहेर पळवणारा कुत्रा त्याला हवा होता, म्हणजे वर घोडेस्वारांना पाठलाग करता येई. ‘जॅक रसेल टेरियर’ हे नाव त्याचेच. आज मुंबई-पुण्याच्या गृहसंकुलांत हा कुत्रा हौसेने पाळला जातो. पट्टा धरून त्याला उद्वाहनातून नेणाऱ्यांना ट्रंपची गोष्ट ठाऊक असायला हवी.

१८३५ मध्ये ब्रिटिश संसदेने प्राण्यांवरील क्रौर्याविरुद्ध कायदा केला. अस्वल, बैल, बॅजर यांना कोंडून त्यांच्यावर कुत्रे सोडण्याचे खेळ बेकायदा झाले. रानातली बिळे खणणे त्यानंतरही चालू राहिले. बॅजरला स्वतंत्र कायदेशीर संरक्षण मिळायला १९७३ उजाडले, आणि ते कायदे एकत्रित झाले १९९२ मध्ये. दरम्यान १८७३ मध्ये लंडनला केनेल क्लब स्थापन झाला, १८८८ मध्ये जर्मनीत डॅशहाउंडप्रेमींचा संघ. कुत्रा बिळातून प्रदर्शनाच्या मंचावर आला. परीक्षक त्याचे कान, केस, चाल पाहू लागले. काम गेले तरी कामाची ओढ गेली नाही. ती गुणपत्रिकेच्या कुठल्याच रकान्यात नव्हती, म्हणून कुणी काढूनही टाकली नाही.

याच शतकातली आणखी एक घटना सहसा कुत्र्यांच्या इतिहासात सांगत नाहीत. १८३० मध्ये ग्लॉस्टरशायरच्या एडविन बडिंगने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. तोवर कातरलेली हिरवळ ही जमीनदारांची चैन होती, कारण ती राखायला विळे चालवणारे मजूर लागत. यंत्र आले आणि पुढच्या काही पिढ्यांत उपनगरातल्या मध्यमवर्गीय घरापुढेही गुळगुळीत हिरवळ आली. रानात खड्डा दिसत नाही, हिरवळीवर दिसतो. खड्डा हा गुन्हा ठरण्यासाठी आधी हिरवळ जन्माला यावी लागली, असे मला वाटते.

गुन्हा म्हटला की शिक्षा आली. १९६२ मध्ये अमेरिकेत विल्यम कोलर याचे कुत्र्यांच्या प्रशिक्षणावरील पुस्तक निघाले. हा डिझ्नीच्या चित्रपटांसाठी प्राणी शिकवणारा नावाजलेला प्रशिक्षक. पुस्तक अफाट खपले. खड्डे खणणाऱ्या कुत्र्यासाठी त्याचा उपाय असा : त्याने खणलेला खड्डा पाण्याने काठोकाठ भरावा आणि कुत्र्याचे तोंड त्या पाण्यात दाबून धरावे. यापूर्वीही चोप देणे, साखळीने बांधणे हे चालतच होते. कोलरने त्याला पद्धतीचा दर्जा दिला.

विलक्षण योग असा की, या उपायाचे उत्तर त्याच्या एकच वर्ष आधी छापले गेले होते. केलर आणि मॅरियन ब्रेलंड हे दांपत्य प्रसिद्ध मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचे विद्यार्थी. खाऊचे बक्षीस देऊन कोणत्याही प्राण्याला काहीही शिकवता येते, या विश्वासावर त्यांनी व्यवसाय उभा केला. जाहिराती आणि जत्रांसाठी त्यांनी हजारो प्राणी तयार केले. १९६१ मध्ये मात्र त्यांनी आपल्या अपयशांची कबुली देणारा शोधनिबंध लिहिला. शीर्षकातच गुरूला चिमटा होता. स्किनर यांचा ग्रंथ सजीवांच्या ‘वर्तना’वर, तर यांचा निबंध सजीवांच्या ‘गैरवर्तना’वर.

त्यातले डुकराचे उदाहरण आपल्याला हवे ते. डुकराला लाकडी नाणे उचलून गल्ल्यात टाकायला शिकवले. पहिले काही आठवडे ते झपाझप काम करी. मग बिघाड सुरू झाला. नाणे घेऊन निघालेले डुक्कर वाटेत ते खाली टाकी, नाकाने उकरी, पुन्हा उचली, हवेत उडवी, पुन्हा उकरी. भूक वाढवली तरी सुधारणा नाही. गल्ल्यापर्यंत नाणे पोचेना, खाऊ मिळेना, तरी उकरणे थांबेना. ब्रेलंड दांपत्याने निष्कर्ष काढला की शिकवलेले वर्तन कालांतराने उपजत वर्तनाच्या दिशेने वाहत जाते. उकरणारा प्राणी अखेर उकरतोच. कोलरचे पुस्तक छापखान्यात होते तेव्हा हा निबंध ग्रंथालयात पोचलेला होता. कुत्रे पाळणाऱ्यांनी पुस्तक वाचले.

शिक्षेविरुद्धचा दुसरा पुरावा २००९ चा. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने कुत्र्यांचा तो सुप्रसिद्ध अपराधी चेहरा तपासला : पडलेले कान, चुकवलेली नजर. खाऊ खाऊ नको असे सांगून मालक खोलीबाहेर जाई. परतल्यावर त्याला कधी खरे, कधी खोटे सांगितले जाई. आढळले असे की तो चेहरा कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही यावर नव्हे, तर मालक रागावला की नाही यावर ठरतो. मग संध्याकाळी घरी येऊन सकाळच्या खड्ड्याबद्दल दिलेल्या माराचा कुत्र्याच्या लेखी अर्थ काय? एवढाच, की धनी घरी आला म्हणजे भय असते.

तेव्हा उपाय काय? इतिहासानेच दिशा दिली आहे : कृत्यावर ओरडण्याआधी कारण ओळखावे. खड्डा कुठे आहे, केव्हा पडतो, किती खोल आहे, यावरून बहुधा ते कळते. उन्हाळ्यात भिंतीच्या सावलीत उथळ खळगा असेल तर कुत्रा गारवा शोधतो आहे. त्याला सावली, भरपूर पाणी आणि दुपारी घरातली फरशी द्यावी, खड्डे आपोआप थांबतात. एकाच रेषेत, झाडाच्या मुळाशी किंवा गटाराच्या कडेने खणत असेल तर खाली उंदीर वा घूस असण्याचा संभव मोठा. घुशींचा बंदोबस्त करावा, पण विष घालून नव्हे. ते विष, किंवा ते खाऊन मेलेली घूस, कुत्र्याच्या पोटात जाऊ शकते. कुंपणालगतचा खड्डा सुटकेसाठी असतो. नराला माजावर आलेल्या मादीचा वास आला असेल, किंवा दिवाळीच्या फटाक्यांनी जीव घाबरला असेल. तिथे कुंपणाच्या बुडाशी जाळी पुरणे हा तात्पुरता इलाज, आणि नसबंदी किंवा आवाजापासून आडोसा हा मूळचा.

मादी कोपऱ्यात किंवा पलंगाखाली एकाग्रतेने उकरत असेल तर ती गाभण आहे का ते पाहावे. माजानंतर दोनेक महिन्यांनी गाभण नसतानाही अशी लक्षणे दिसतात आणि पशुवैद्याला ती परिचित आहेत. कोलकात्याजवळच्या आयसर संस्थेतील संशोधकांनी २०१६ मध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या विण्याच्या जागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या माद्या रान शोधत नाहीत, माणसांच्या वस्तीलगतची जागा पसंत करतात, असे त्यात दिसले. सोसायटीच्या जिन्याखाली उकरणाऱ्या कुत्रीला हाकलण्याआधी हे आठवावे.

आणि यांपैकी कुठलेच कारण नसेल, आणि कुत्रा टेरियर किंवा डॅशहाउंड असेल, तर तो केवळ आपले काम करतो आहे. त्याला दुसरे काम द्यावे, किंवा तेच काम दुसऱ्या जागी. अंगणाच्या कोपऱ्यात वाळूचा हौद करावा, त्यात त्याच्यासमोर खेळणी आणि खाऊ पुरावा, तिथे उकरले की शाबासकी द्यावी. कुंडीकडे वळला तर न मारता हौदाशी आणावे. सदनिकेत जुन्या चादरींच्या चिंध्यांनी भरलेले खोके चालते. कंटाळा हेही मोठे कारण आहे. दिवसातून दोनदा, नुसते दाराशी नव्हे, तर वास घेत घेत केलेला फेरफटका पुष्कळ खड्डे वाचवतो.

अमेरिकेत आणि इतरत्र या कुत्र्यांसाठी आता ‘अर्थडॉग’ चाचण्या होतात. जमिनीत नऊ इंच रुंद, नऊ इंच उंच असा लाकडी बोगदा पुरतात. त्याच्या टोकाला पिंजऱ्यात सुरक्षित ठेवलेले उंदीर असतात. कुत्र्याने अंधारात वळणे घेत तिथवर जायचे आणि गजांपलीकडच्या उंदरांवर भुंकत राहायचे. उंदरांना इजा होत नाही. वरच्या श्रेणीच्या चाचणीत आणखी एक अट आहे : उंदीर काढून घेतल्यावर कुत्र्याने मालकाची हाक ऐकून ठरलेल्या वेळात बिळाबाहेर यायचे. द्यु फुयूच्या काळी ही अट कुणाला सुचली नसती. तेव्हा कुत्रा बाहेर आला नाही, तर माणसे कुदळ घेऊन त्याच्याकडे जात.